चार आयपी कॅमेरे आणि एक एनव्हीआर: सबनेट मास्क, गेटवे, पोर्टमध्ये नेमकं काय भरायचं?

सचिव_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. नाशिकला आमच्या सोसायटीसाठी चार मेगापिक्सेलचे चार बुलेट कॅमेरे (हिकव्हिजन), आठ चॅनेलचा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर) आणि आठ पोर्टचा पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा) घेतलाय. केबल ओढून झाली, स्विचवरचे दिवे लागतात, पण लॅपटॉपवर एकही कॅमेरा उघडत नाही. पुस्तिकेत कॅमेऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.६४ दिलाय. फायबरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२९.१ आहे आणि लॅपटॉपला १९२.१६८.२९.३७ मिळालाय. पिंग केलं (कॅमेरा उत्तर देतो का ते तपासलं) की ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येतं.

सबनेट मास्क, डिफॉल्ट गेटवे, डीएनएस, एचटीटीपी पोर्ट, आरटीएसपी पोर्ट या रकान्यांत काय भरायचं आणि का, हे कुणी सांगाल का? नुसते आकडे नकोत, पुढची देखभाल मलाच करायची आहे. शिवाय बाहेरगावी असलेल्या सभासदांना मोबाइलवर चित्र दिसायला हवं.

लॅनवाला

सचिवसाहेब, गोम तुम्ही दिलेल्या आकड्यांतच आहे. कॅमेरा १.६४ वर, लॅपटॉप २९.३७ वर. मास्क २५५.२५५.२५५.० असला की पत्त्याचे टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे (तुमच्या लॅपटॉपचे १९२.१६८.२९) जुळणारी उपकरणंच एकमेकांशी थेट बोलतात. ते जुळले नाहीत तर लॅपटॉप ते पॅकेट गेटवेकडे, म्हणजे राउटरकडे देतो. राउटरला १९२.१६८.१ ची काहीच माहिती नाही, त्यामुळे पॅकेट वाया जातं आणि तुम्हाला ‘टाइम्ड आउट’ दिसतं. हेच पहिले तीन आकडे जुळत असते आणि त्या पत्त्यावर कुणी नसतं, तर स्वतःच्या लॅपटॉपच्याच पत्त्यावरून ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं असतं. हे दोन संदेश ओळखायला शिका, निम्मं शोधकाम वाचतं.

दुसरी अडचण अजून तुमच्यासमोर यायची आहे. चारही कॅमेरे कारखान्यातून एकाच १.६४ या पत्त्यावर आलेत. एकदम जोडले तर आपसांत भांडत राहतील, म्हणून एकेक करून जोडा.

हिकव्हिजनचं एसएडीपी नावाचं साधन लॅपटॉपवर टाका आणि लॅपटॉप त्याच स्विचला केबलने जोडा. ते स्विचवरच्या सगळ्यांना एकदम हाक मारतं, त्यामुळे कॅमेऱ्याचा पत्ता वेगळ्या रेंजमधला असला तरी तो यादीत दिसतो. नवा कॅमेरा ‘इनॲक्टिव्ह’ दिसेल. पासवर्ड ठेवल्याशिवाय तो कामच करत नाही. पासवर्ड ठेवून झाला की हे भरा:

आयपी: १९२.१६८.२९.२०१ (पुढचे २०२, २०३, २०४; एनव्हीआरला २००)
मास्क: २५५.२५५.२५५.०
गेटवे: १९२.१६८.२९.१
डीएनएस: ८.८.८.८
डीएचसीपीची (राउटरने आपोआप पत्ता वाटायची) खूण काढून टाका.

गेटवे म्हणजे घराबाहेर पडायचा दरवाजा. तो चुकला तरी एनव्हीआरवर चित्र दिसतं, म्हणून चूक लक्षातच येत नाही. पण कॅमेऱ्याला इंटरनेटवरून वेळ घेता येत नाही आणि ॲप चालत नाही. डीएनएस नावावरून पत्ता शोधून देतं, त्याचीही गरज तेवढ्यापुरतीच.

आता राउटरच्या पानावर जाऊन डीएचसीपीची रेंज २ ते १९९ एवढीच ठेवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मग एखाद्या सभासदाचा मोबाइल वायफायवर येतो, राउटर त्याला २०२ देऊन टाकतो आणि दोन नंबरचा कॅमेरा दिवसातून चारदा बंद-चालू होत राहतो. मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणाचा कारखान्यातला क्रमांक) नोंदवून राउटरकडून पत्ता राखून ठेवता येतो, पण राउटर बदलला की ती यादी जाते. सोसायटीसाठी मी पत्ते कॅमेऱ्यातच पक्के करायला सांगेन. उद्या इंटरनेट कंपनी बदललीत तर कॅमेऱ्यांना हात लावू नका, नव्या राउटरचा लॅनचा (आतल्या नेटवर्कचा) पत्ता १९२.१६८.२९.१ करा.

पोर्टचे आकडे आहेत तसेच राहू द्या: एचटीटीपी ८० (ब्राउझर), आरटीएसपी ५५४ (चित्राचा प्रवाह), ८००० (एनव्हीआर आणि हिकव्हिजनचं सॉफ्टवेअर). एकाच पत्त्यावर वेगवेगळ्या सेवा वेगवेगळ्या पोर्टवर बसलेल्या असतात, एवढाच त्याचा अर्थ.

तांब्याची_तार

लॅनवाल्यांनी पत्त्यांचं सगळं सांगितलंच आहे. मी केबल आणि स्विचबद्दल लिहितो, कारण महिनाभराने तक्रारी तिथूनच सुरू होतात.

स्विचवर ‘व्हीलॅन’ आणि ‘एक्स्टेंड’ अशी बटणं किंवा खटका आहे का बघा. बऱ्याच स्वस्त पीओई स्विचमध्ये व्हीलॅन चालू केलं की पोर्ट एकमेकांपासून तुटतात आणि फक्त अपलिंकशी (राउटर वगैरे जोडायच्या वेगळ्या पोर्टशी) बोलतात. अशा वेळी एनव्हीआर चुकून साध्या पोर्टात लावला तर त्याला एकही कॅमेरा सापडत नाही, पत्ते कितीही बरोबर असोत. एनव्हीआर आणि राउटर अपलिंक पोर्टांतच लावा. एक्स्टेंड चालू केलं की २५० मीटरपर्यंत जाता येतं असं खोक्यावर छापलेलं असतं, पण पोर्टचा वेग १० एमबीपीएसवर उतरतो. गरज नसेल तर बंदच ठेवा; नियमाने १०० मीटरची मर्यादा पाळा.

केबल अस्सल तांब्याची आहे ना? सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, वजनाला हलकं असतं आणि टोक ब्लेडने खरवडलं की आतून पांढरं दिसतं. तिचा रोध जास्त, त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज पडतं. लक्षण ठरलेलं: दिवसभर कॅमेरा ठीक, संध्याकाळी अंधार पडून इन्फ्रारेड एलईडी लागले की रीस्टार्ट. तेव्हाच विजेची मागणी वाढते. ८०२.३एएफ पीओईमध्ये स्विचचा पोर्ट १५.४ वॅट देतो आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॅट पोहोचतील असं धरलेलं असतं. कॅमेऱ्याच्या पाटीवरचे वॅट बघा, सगळ्यांची बेरीज करा आणि ती स्विचच्या एकूण वॅटच्या तीन चतुर्थांशांवर जाऊ देऊ नका.

क्रिम्पिंग (केबलच्या टोकाला प्लग बसवणं) दोन्ही टोकांना सारखंच, टी५६८बी या रंगक्रमाने: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा लावा. ‘डेटा चारच तारांवर चालतो’ म्हणून काही जण उरलेल्या कापून टाकतात. पण काही स्विच वीज ४, ५, ७, ८ याच पिनांवरून पाठवतात.

सचिव_इंदिरानगर

दोघांचेही मनापासून आभार. व्हीलॅनचा खटका चालूच होता. तो बंद केला, पत्ते बदलले, चारही कॅमेरे एनव्हीआरवर आले. आता फाटकावरचा जुना, दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा ऑनव्हिफने (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जोडायच्या सामाईक पद्धतीने) जोडतोय. त्याला २०५ दिलाय, पिंग लागतं, ब्राउझरमध्ये पासवर्ड चालतो; पण एनव्हीआर ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा’ म्हणतो. आणि मोबाइलसाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्यांसाठी राउटरचा पोर्ट उघडणं) करून देतो असं एक तंत्रज्ञ म्हणतोय. करू का?

पॅकेट_पाहणारी

दादा, आधी त्या जुन्या कॅमेऱ्याचं घड्याळ बघा. ऑनव्हिफमध्ये पासवर्डबरोबर वेळही जाते, आणि दोन्हींच्या वेळा जुळत नसल्या की पासवर्ड बरोबर असूनही बरेच कॅमेरे नकार देतात. टाइम झोन जीएमटी +५:३० करा आणि एनटीपी (वेळ पुरवणारा) सर्व्हर म्हणून १९२.१६८.२९.२०० द्या, म्हणजे एनव्हीआरकडूनच वेळ घेईल (एनव्हीआरच्या सेटिंगमध्ये तशी सोय असेल तर). एवढं करूनही जमलं नाही, तर कॅमेऱ्यात ऑनव्हिफ चालू आहे का आणि त्याचा वेगळा युजर बनवावा लागतो का ते तपासा. ब्राउझरचा युजर तिथे चालेलच असं नाही. वेळ जुळवून ठेवण्याला आणखी एक कारण आहे: चोरी झाली आणि पोलिसांनी फुटेज मागितलं, तर चित्रावरची वेळ बरोबर असलीच पाहिजे.

पोर्ट फॉरवर्डिंग अजिबात करू नका. कॅमेऱ्याचा पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकला की तो शोधत फिरणारे प्रोग्रॅम त्याच्यापर्यंत पोहोचतातच. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातले ठरावीक युजरनेम-पासवर्ड लावून बघत कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर त्यांचा मारा करून ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळवल्या. राउटरमध्ये यूपीएनपी असेल तर तेही बंद करा, ते न विचारता पोर्ट उघडून देतं.

शिवाय तुमच्याकडे ते बहुधा चालणारही नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा १० ने, तर कंपनीने तुम्हाला सीजीनॅटमागे ठेवलंय. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून येणारी विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. वरचा तंत्रज्ञ पोर्ट उघडून जाईल, पैसे घेईल आणि चित्र काही दिसणार नाही.

सभासदांसाठी एनव्हीआरचं पी२पी चालू करा आणि कंपनीच्या ॲपमध्ये क्यूआर स्कॅन करा. यात एनव्हीआर स्वतःच बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करतो, म्हणून सीजीनॅट आड येत नाही. एनव्हीआरमध्ये ‘फक्त पाहणे’ एवढाच हक्क असलेला वेगळा युजर काढा. ॲडमिनचा पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कंपनीच्या सर्व्हरवर भरवसा नसेल तर टेलस्केलसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून आपल्या नेटवर्कात शिरायची खासगी वाट) लावा, पण त्यासाठी सोसायटीत कायम चालू राहणारं एखादं छोटं यंत्र लागेल. मोबाइलवर सबस्ट्रीम (कॅमेऱ्याचं हलकं, कमी दर्जाचं चित्र) लावा: एका कॅमेऱ्याला साधारण ५१२ केबीपीएस धरा, चारांना २ एमबीपीएस अपलोड. मेनस्ट्रीम (पूर्ण दर्जाचं चित्र) लावलात आणि तिघांनी एकदम उघडलं तर चित्र अडकणारच.

लॅनवाला

हार्ड डिस्क घेतली नसेल तर तिचाही हिशेब आत्ताच करा. बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) ४ एमबीपीएस ठेवला तर एक कॅमेरा २४ तासांत ४३ जीबी खातो. पाच कॅमेरे म्हणजे रोज २१६ जीबी. ३० दिवसांसाठी साडेसहा टीबी, म्हणजे ८ टीबीची डिस्क. एच.२६५ वर (चित्र जास्त दाबून साठवायच्या पद्धतीवर) २ एमबीपीएस ठेवलं तर ४ टीबीत भागेल, पण जुना कॅमेरा एच.२६५ देतो का ते आधी बघा, आणि फाटकावर गाड्यांचे नंबर वाचायचे असतील तर निदान त्याचा बिटरेट कमी करू नका. डिस्क सर्व्हेलन्सचीच घ्या, डेस्कटॉपची साधी डिस्क अहोरात्र लिहिण्यासाठी बनवलेली नसते.