फेलिसेतच्या डोक्यावर ते काय आहे?

प्रश्न: अंतराळात गेलेल्या फ्रेंच मांजरीच्या फोटोत डोक्यावर काहीतरी बसवलेलं दिसतं. कशासाठी? आणि ती जिवंत परतली का?

उत्तर १: इलेक्ट्रोडची जोडणी आहे ती. इलेक्ट्रोड मेंदूत कायमचे बसवलेले, उड्डाणात मेंदूतले विद्युत संकेत टिपायला. १८ ऑक्टोबर १९६३, अल्जीरियातलं हम्मागीर, वेरोनिक रॉकेट. उंची १५० किमीच्या वर, वजनरहित अवस्था जेमतेम ५ मिनिटं. पॅराशूटने सुखरूप उतरली.

उत्तर २: अहो, पुढचंही सांगा की! दोनेक महिन्यांनी मेंदू तपासायला तिला मारलंच. २४ ऑक्टोबरला पाठवलेली दुसरी मांजर तर वाचलीच नाही.

उत्तर ३: जुन्या टपाल तिकिटांवर ‘फेलिक्स’ नावाचा बोका दिसला तर फसू नका, गेली ती मादीच. तिचा पुतळा फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गजवळ, तोही थेट २०१९ मध्ये.