नव्या घराचा मजला: १० फूट की १२ फूट?

धागा
नकाशा पक्का करायचाय आणि आमचं घोडं मजल्याच्या उंचीवर अडलंय. दुमजली घर, हॉल १२ बाय १४. मोठे दीर म्हणतात मजला १२ फुटांचाच हवा, घरात शिरल्यावर मोकळं वाटलं पाहिजे. मी १० वर ठाम आहे.

माझं मुख्य कारण जिना. पायरी ७ इंचाची धरली तर १० फुटांना १७ पायऱ्या लागतात, १२ फुटांना २१. चार पायऱ्या वाढल्या की १० इंची पावलाने जिन्याची लांबी सव्वातीन फुटांहून जास्त वाढते, आणि आमच्या नकाशात ती जागा स्वयंपाकघरातून जाते. सासूबाई आत्ताच प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून, कठडा धरून चढतात. त्यांना त्या चार पायऱ्या रोज चढाव्या लागतील. शिवाय जळमटं काढणं, पंखा पुसणं आहेच. उंच छताच्या घरात राहिलेल्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. ताई, १० फूट म्हणजे हातात १० फूट येत नाहीत. नकाशातली उंची बहुधा मजल्यापासून मजल्यापर्यंतची असते. त्यातून ५ इंच स्लॅब, ३ इंच फरशी आणि तिच्याखालचा माल, शिवाय गिलावा वजा करा. उरतात सव्वानऊ फूट. स्लॅबसकट १८ इंची बीम आला की त्याच्याखाली सव्वाआठसुद्धा नाहीत. बेडरूमच्या मधोमध असा बीम मी सात वर्षं पाहिलाय. पलंगावर पडलं की डोळ्यांसमोर तोच. वायरिंग झाकायला फॉल्स सीलिंग केलंत तर आणखी काही इंच गेले. छत खाली घेणं कधीही जमतं, एकदा स्लॅब टाकल्यावर वर नेता येत नाही. आणि गरम हवा वर जाते, उंच खोली गार राहते.

प्रतिसाद २
गरम हवा वर जाते, पण पुढे कुठे जाते? खिडकीची वरची कड लिंटेलला, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या पट्टीला, ७ फुटांवर. त्याच्या वर झरोका नसेल तर उरलेली हवा तिथेच कोंडते. आमच्याकडे हेच झालं. छत ११ फुटांवर, पण भिंत सलग दिसावी म्हणून आर्किटेक्टने व्हेंटिलेटर काढून टाकले होते. संध्याकाळी पंखा लावला की तीच तापलेली हवा अंगावर यायची. शेवटी समोरासमोरच्या भिंती छताखाली फोडून झरोके केले, तेव्हा कुठे झोप लागायला लागली.

वरच्या मजल्याचं तर वेगळंच. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. तो डोक्यावर सगळीकडे पसरलेला असतो, त्यामुळे दोन फूट वर नेल्याने फारसं काही कमी होत नाही. इलाज गच्चीवर करा: सावली, उष्णतारोधक थर, पांढरा लेप. आणि १२ बाय १४ च्या खोलीत दोन फूट वाढवले की एसीला ३३६ घनफूट जास्त हवा गार करायची. भिंतही १०४ चौरस फूट वाढली, तीही एकाच खोलीत.

प्रतिसाद ३
खोलीच्या प्रमाणाबद्दल कुणीच बोलत नाहीये. १६व्या शतकातला इटालियन वास्तुकार पॅलाडिओ याचा सपाट छताच्या खोलीसाठी नियम होता: जेवढी रुंदी तेवढी उंची. त्या हिशेबाने १२ फुटी हॉलला १२ फूट अगदी बरोबर. ५ बाय ८ च्या बाथरूमला तेवढी उंची दिली तर विहिरीत उभं राहिल्यासारखं वाटेल, तिथे खाली माळा घ्या. हॉलची उंची मात्र सोडू नका, सगळं घर एकत्र बसतं ती हीच खोली.

प्रतिसाद २
पॅलाडिओने घरं बांधली ती श्रीमंतांची. २०व्या शतकातला वास्तुकार ल कॉर्बुझिए याने फ्रान्समधल्या मार्सेच्या निवासी इमारतीत (१९५२) छत २.२६ मीटरवर ठेवलं, म्हणजे साडेसात फूटही नाही. सहा फुटी माणसाने हात वर केला की पोचेल एवढं. लोक तिथे आजही राहतात.

प्रतिसाद ३
त्याच घरांत बैठकीचा भाग दुप्पट उंचीचा आहे, तेही सांगा ना! बुटक्या खोल्या सुसह्य होतात त्या त्याच्यामुळे.

प्रतिसाद ४
माझ्या बाबांना कानाचं यंत्र आहे. आमचा हॉल १३ फूट उंच, खाली फरशी, एका बाजूला काच, भिंती मोकळ्या. खोलीचं आकारमान वाढलं आणि आवाज शोषणारं काही नसलं की तो जास्त वेळ घुमतो. चौघं बोलायला लागले की बाबा यंत्र काढून खिशात ठेवायचे आणि नुसते बसून राहायचे. जाड पडदे आणि गालिचा आल्यावर थोडं सावरलं. घर बांधताना हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

धागालेखिका
बाबांचं वाचून दीर गप्प झाले, पण मागे हटले नाहीत. बीमचं मलाही पटलं, त्यामुळे आर्किटेक्टकडून प्रत्येक खोलीतली बीमखालची उंची लिहून मागितली आहे. झरोके दोघांनाही हवेत. साडेदहा फुटांना बरोबर १८ पायऱ्या बसतात. तेवढ्या एका पायरीला मी तयार आहे, सासूबाईंनाही विचारलं. दीर अजून १२ च म्हणतायत.