रॉसवेल : उडत्या तबकडीच्या गावाला जाऊन आलेल्यांनो, लिहा

पायाला_भिंगरी

नाताळची सुट्टी जवळ आली की टेक्सासातली मराठी मंडळी शेजारच्या न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या पांढऱ्या वाळवंटाचे आणि कार्ल्सबाडच्या गुहांचे बेत आखू लागतात, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच : "वाटेत रॉसवेल लागतं, थांबायचं की सरळ पुढे जायचं?" एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांचे अनुभव एकत्र असावेत म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यू मेक्सिकोच्या आग्नेय भागातलं, पेकोस नदीच्या खोऱ्यातलं हे पन्नास हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव. १९४७ च्या उन्हाळ्यात मॅक ब्रेझल या रँचवरच्या कारभाऱ्याला माळावर रबराच्या पट्ट्या, चंदेरी कागद, बारीक काड्या असा पसारा सापडला. ८ जुलैला रॉसवेलच्या लष्करी विमानतळाने चक्क जाहीर केलं, की उडती तबकडी आमच्या हाती लागली आहे. चोवीस तास उलटायच्या आत वरिष्ठांनी खुलासा केला, तबकडी कसली, हवामानखात्याचा फुगा आहे. तेव्हापासून वाद चालू आहे.

तो वाद इथे नको. काय पाहिलंत, पोरं कंटाळली का, वाट वाकडी करण्याजोगं आहे का, ते लिहा. मुलांची वयं लिहिलीत तर फार उपयोग होईल.

चार_चाकं

आम्ही डॅलसहून गेलो, मुलं नऊ आणि सहा वर्षांची. लबक सोडल्यावर रस्ता असा सरळसोट, की स्टिअरिंगला हात लावायची गरज आहे का असा प्रश्न पडावा. तेलाचे पंप, कापसाची शेतं, मग तेही नाही. न्यू मेक्सिकोत शिरलात की घड्याळ एक तास मागे जातं, तेवढीच कमाई.

गावात शिरताच मुलांची झोप उडाली. मेन स्ट्रीटवरच्या दिव्यांच्या गोळ्यांवर बदामी काळे डोळे काढलेत, म्हणजे रांगेने एलियनची डोकीच उभी. मॅकडोनाल्ड्सची इमारत तबकडीच्या आकाराची, रात्री दिवे लागले की खरंच उतरलेली वाटते. डंकिन या डोनटच्या दुकानाच्या दारात उंचच्या उंच हिरवा प्राणी पाटी धरून उभा. टायरवाला असो की बँक, प्रत्येकाच्या खिडकीत एक तरी हिरवा बुटका आहेच.

तबकडीचं संग्रहालय जुन्या सिनेमागृहात आहे. तिकीट फार नाही. बायकोचं मत : पैसे वसूल. माझं मत : मुलांचे वसूल, माझे अर्धे. कारण आत मुख्यतः वाचायचं आहे. वर्तमानपत्रांची कात्रणं, शपथेवर दिलेल्या जबान्या, नकाशे, तारा, फोटो, भिंतीच्या भिंती भरून. सहा वर्षांच्या मुलीला त्यात काय? तिने थेट मधला देखावा गाठला. तिथे चंदेरी कपड्यातले परग्रहवासी उभे आहेत, मागे तबकडी, मधूनमधून आवाज येतो आणि धूर सुटतो. त्यापुढून तिला हलवायला मला दुकानातल्या बाहुलीची लाच द्यावी लागली. स्ट्रेचरवर झोपवलेला एक 'मृतदेह'ही काचेआड आहे. तो चित्रपटासाठी बनवलेला आहे असं शेजारी लिहिलंय, पण लहान मुलं पाटी वाचत नाहीत. घाबरणारं मूल असेल तर त्या बाजूला नेऊ नका.

दोन-अडीच तास पुरेत.

जुना_मास्तर

मी अल्बुकर्कीचा, त्यामुळे पाहुणे आले की त्यांना घेऊन जावंच लागतं. तीन तासांची ड्राइव्ह. पहिली गोष्ट, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा : तबकडी 'पडली' ती जागा गावात नाही. पसारा सापडला तो माळ तिथून शंभरेक किलोमीटरवर, वायव्येला, कोरोना नावाच्या खेड्याच्या बाजूला आणि खासगी रँचमध्ये. आमचे एक पाहुणे खड्डा बघायचाय म्हणून हटून बसले होते. खड्डा नाही.

दुसरी गोष्ट जरा लांबवून सांगतो, कारण संग्रहालयात ती कोपऱ्यात आहे आणि मला सगळ्यात रंजक तीच वाटते. १९४७ साली अणुबॉम्ब फक्त अमेरिकेकडे होता. रशियाने चाचणी केली तर ती कळणार कशी? मॉरिस ईविंग या शास्त्रज्ञाची कल्पना अशी, की समुद्रात जसा एका ठरावीक खोलीवर आवाज फार दूरवर जातो, तसा वातावरणातही वरच्या एका थरातून जात असणार. तिथे मायक्रोफोन टांगून ठेवले तर स्फोटाचा हुंकार हजारो मैलांवर ऐकू येईल. याला नाव दिलं प्रोजेक्ट मोगल. न्यूयॉर्क विद्यापीठातली मंडळी न्यू मेक्सिकोतल्याच अलामोगोर्डोहून फुगे सोडत. एक फुगा नव्हे, दोनशे मीटरच्या आसपास लांबीची फुग्यांची माळ, आणि खाली रडारला दिसावेत म्हणून लटकवलेले परावर्तक. हे परावर्तक बाल्सा लाकडाच्या काड्या आणि चंदेरी कागदाचे. ते चिकटवायची टेप खेळणी बनवणाऱ्याकडून आलेली, तिच्यावर गुलाबी-जांभळी फुलं छापलेली! पसाऱ्यात 'अगम्य लिपी' दिसल्याचं जे सांगतात, ती बहुधा हीच.

अमेरिकी हवाईदलाने हे सगळं १९९४ च्या अहवालात मांडलं. १९९७ च्या दुसऱ्या अहवालात परग्रहवासीयांच्या 'मृतदेहां'चा उलगडा देण्याचा प्रयत्न आहे, की लोकांनी पाहिले ते पॅराशूटच्या प्रयोगांतले पुतळे. पण ते प्रयोग पन्नासच्या दशकातले, घटना १९४७ ची. हे उत्तर मलाही पटलेलं नाही. वर्गात पोराने दिलं असतं तर अर्धे गुण कापले असते.

आणि गंमत पाहा, १९४९ मध्ये रशियाने खरोखर स्फोट केला तेव्हा तो फुग्यांनी पकडला नाही. विमानांनी हवेतले कण गोळा केले, त्यातून कळलं.

शंकासुर

मास्तर, म्हणजे लष्कर खोटं बोललंच ना? हवामानाचा फुगा नव्हताच तो!

जुना_मास्तर

बोललं. फुगा खरा होता, 'हवामानाचा' खोटा होता. गावातले लोक काहीतरी लपवताहेत म्हणत होते, त्यात तथ्य होतं. मात्र प्रकरण त्यानंतर तीसेक वर्षं कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. १९७८ मध्ये तबकड्यांचे अभ्यासक स्टँटन फ्रीडमन यांनी जेसी मार्सेल या निवृत्त गुप्तवार्ता अधिकाऱ्याला गाठलं. १९४७ मध्ये तो पसारा गोळा करायला गेलेले मार्सेल "ते या पृथ्वीवरचं नव्हतं" असं सांगू लागले, आणि मग जी लाट उठली ती अजून ओसरलेली नाही. मृतदेह वगैरे सगळं या लाटेतलं. जुलै १९४७ च्या बातमीत मृतदेहांचा उल्लेखही नाही.

सूनबाई

आम्ही जुलैतल्या जत्रेला गेलो होतो. चार जुलैच्या आगेमागे यूएफओ (म्हणजे उडत्या तबकड्यांचा) फेस्टिव्हल असतो. ऊन मरणाचं, हॉटेलचे दर दुप्पट-तिप्पट, गाडी लावायला जागा नाही, आणि तरीही मी म्हणेन की एकदा जावं. डोक्याला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलेले आजोबा, हिरवा रंग फासलेली तान्ही बाळं, मिरवणूक. पाळीव प्राण्यांचीसुद्धा वेशभूषा स्पर्धा असते. एका बसक्या कुत्र्याला त्याच्या मालकिणीने अख्खं अंतराळयान करून टाकलं होतं. सासूबाई बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "आमच्याकडे पोळ्याला बैल सजवतात त्यातलंच हे. फक्त बैलाला कळतं, आज आपला मान आहे. हा बिचारा झोपलाय."

सासूबाई नऊवारीत होत्या. तीन-चार जणांनी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतले. त्यांना त्या स्पर्धक वाटल्या की नुसतं लुगडं आवडलं, ते आम्ही विचारलं नाही. त्यांनी मात्र प्रत्येक फोटोत पदर नीट केला.

तिथली भाषणं मी टिंगलीच्या तयारीने ऐकायला बसले होते. बोलणारे काही अगदीच बाजारू, आपलं पुस्तक विकायला आलेले. पण श्रोत्यांत उठून आपला अनुभव सांगणारी साधी माणसं होती. एक बाई रात्री शेतावर दिसलेल्या उजेडाबद्दल सांगताना रडल्या. काय दिसलं होतं देव जाणे, पण त्या नाटक करत नव्हत्या. नंतर मला हसू आलं नाही.

खमंग

खाण्याचं कोणीच लिहिलं नाही? न्यू मेक्सिकोत कुठेही बसलात की विचारतात, "रेड ऑर ग्रीन?" लाल मिरचीचा रस्सा हवा की हिरव्या मिरचीचा, असा अर्थ. १९९६ पासून हा राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, थट्टा नाही! दोन्ही हवे असतील तर "ख्रिसमस" म्हणायचं. शाकाहाऱ्यांनी मात्र विचारून घ्या, रश्शात मांस आणि राजम्यासारख्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते. सोपापिया मागवा, फुगलेली पुरी मधाबरोबर. आणि वारा फिरला की शेणाचा वास येईल, त्याला एलियन जबाबदार नाहीत. आजूबाजूला मोठमोठे गोठे आहेत, गावात मोझरेल्ला चीजचा प्रचंड कारखाना आहे. गावाचं पोट दुधावर चालतं, तबकडी वरकमाई.

धावपट्टी

विमानवेड्यांनी गावाच्या दक्षिणेला जावं. जुना लष्करी तळ आता नागरी विमानतळ आहे. १९४७ मध्ये तिथे ५०९ वी बॉम्ब तुकडी होती, जपानवर अणुबॉम्ब टाकणारी हीच. त्या वेळी जगात अण्वस्त्रधारी तुकडी ही एकटीच. तिथल्या अधिकाऱ्यांना फुगा ओळखता येऊ नये, यावर लोकांचा विश्वास का बसत नाही ते इथे उभं राहिल्यावर समजतं. तळ १९६७ मध्ये बंद झाला. आता कोरड्या हवेमुळे निवृत्त विमानं इथे आणून ठेवतात आणि सुटी करतात. कुंपणाबाहेरून शेपट्यांची रांग दिसते, कंपन्यांची नावं पुसलेली. १४ ऑक्टोबर २०१२ ला ऑस्ट्रियाचा साहसवीर फेलिक्स बाउमगार्टनर याच धावपट्टीवरून फुग्यात बसून ३९ किलोमीटरपर्यंत वर गेला आणि त्याने उडी मारली. रॉसवेल आणि फुगे यांचं काय नातं आहे कळत नाही.

अर्धा_कप

सगळे तबकडी तबकडी करताहेत, गॉडर्डचं नाव कोणी घेईना. द्रवइंधनावरचं पहिलं रॉकेट १९२६ मध्ये मॅसॅच्युसेट्सला उडवणारे रॉबर्ट गॉडर्ड. शेजारपाजारच्यांना आवाजाची आणि आगीची धास्ती, म्हणून वैमानिक लिंडबर्गच्या शब्दावर धनाढ्य गुगेनहाइम यांचे पैसे मिळाले तेव्हा ते १९३० मध्ये रॉसवेलला आले. मोकळा माळ, स्वच्छ आकाश, चौकस शेजारी नाहीत. मधला थोडा काळ वगळता १९४२ पर्यंत तिथेच होते. त्याआधी, रॉकेट हवा नसलेल्या अवकाशातही चालेल म्हणाले म्हणून, १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने "यांना शाळेतलं विज्ञानही येत नाही" अशी त्यांची खिल्ली उडवली होती. चूक मान्य केली जुलै १९६९ मध्ये, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना. गॉडर्ड १९४५ मध्येच गेलेले.

ज्या गावातून खरोखर काहीतरी वर गेलं, ते गाव खाली पडलेल्या वस्तूपायी ओळखलं जातं याचा मला रागच येतो. रॉसवेल म्युझियममध्ये (तबकडीवालं नव्हे, दुसरं) त्यांची कार्यशाळा मांडलेली होती. ऑक्टोबर २०२४ च्या पुरात त्या इमारतीचं फार नुकसान झालं, त्यामुळे जाण्याआधी काय उघडं आहे ते विचारून जा.

आणखी एक. स्प्रिंग नदीच्या काठाला दगडी बांध आहे, तो दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन युद्धकैद्यांनी बांधला. त्यांनी दगडांतच आयर्न क्रॉसची (जर्मन लष्करी पदकावरच्या क्रूसाची) आकृती बसवली. फुकट बघायला मिळते, गर्दी नाही.

नवा_विद्यार्थी

व्हिसावर असलेल्यांसाठी महत्त्वाचं : अलामोगोर्डो ते लास क्रूसेस रस्त्यावर, व्हाइट सँड्सच्या पुढे बॉर्डर पेट्रोलची चौकी आहे. मेक्सिकोत गेला नसलात तरी थांबवतात. मूळ पासपोर्ट आणि आय-ट्वेंटी (विद्यार्थ्यांचं कागदपत्र) किंवा आय-७९७ (व्हिसा-अर्जाच्या मंजुरीची नोटीस) जवळ ठेवा, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. माझ्या वेळी मिनिटभरात सोडलं. त्याच रस्त्यावर क्षेपणास्त्राची चाचणी असली की वाहतूक थांबवतात, कधी तीन तासांपर्यंत. व्हाइट सँड्सच्या संकेतस्थळावर आधी सूचना असते.

झाडीपट्टी

मी रॉसवेलला गेलो नाही आणि जाईन असंही वाटत नाही, पण आमच्याकडचं सांगतो. २०२२ चा गुढीपाडवा, २ एप्रिल. संध्याकाळी आठच्या सुमारास आकाशातून जळते गोळे रांगेने गेले, नागपूर-अकोल्यापासून सगळ्यांनी पाहिले. मी चंद्रपूरला गच्चीवर होतो. कोणी म्हणे विमान पडलं, कोणी म्हणे उल्का, आणि मोबाइलवर तबकडी तर लगेचच आली. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला मोकळ्या जागेत धातूची मोठी रिंग पडलेली सापडली, माणसाच्या उंचीहून मोठी. आसपासच्या गावांत धातूचे गोळेही मिळाले. पोलिसांनी उचलून ठाण्यात नेलं, इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा टप्पा असावा, असं खगोलशास्त्रज्ञांनी सांगितलं. कोणाला लागलं नाही हे नशीब. लाडबोरीत संग्रहालय झालं नाही, टोप्या विकायला नाहीत. ब्रेझलसारखा आमचाही शेतकरी चार दिवस पेपरात आला आणि मग धानाच्या कामाला लागला.

हैदराबादहून टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) संशोधनाचे फुगे सुटतात, त्यांची उपकरणं पॅराशूटने कुठेही उतरू शकतात. महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांना तशी सूचना येते : सापडलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. १९४७ मध्ये फुग्याला एवढी चिठ्ठी बांधली असती तर?

शंकासुर

तर डंकिनवाल्याने एलियनऐवजी उंट उभा केला असता.

चार_चाकं

आम्ही पुन्हा तिकडे निघतोय, या खेपेला कार्ल्सबाडही. डिसेंबरात वटवाघळं दिसतील का? मुलीला वचन देऊन बसलोय.

पायाला_भिंगरी

नाही दिसणार. थंडीत ती मेक्सिकोत जातात. संध्याकाळी त्यांचा थवा गुहेतून उठताना बघायचा तर उन्हाळ्यात जायला हवं, ऑक्टोबरपर्यंत. गुहा मात्र चालू असते, प्रवेशाची वेळ आधी आरक्षित करा, आणि २५ डिसेंबरला जाऊ नका, त्या दिवशी गुहाही बंद आणि व्हाइट सँड्सही. मुलीला बॉटमलेस लेक्स दाखवा, रॉसवेलपासून जवळ आहेत. गुराख्यांनी दोरांना दोर बांधून सोडले तरी तळ लागला नाही म्हणून ते नाव. खरी खोली सगळ्यात जास्त नव्वद फुटांची आहे, पण ते तिला नंतर सांगा.