बोंडअळीला बीटीची 'सवय' लागली, की निवड झाली?

काळी_कसदार (आर्वी)
राम राम मंडळी. गावच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून वाद चालू आहे. काही जण म्हणतात, गुलाबी बोंडअळीनं बीटीचं (म्हणजे जिवाणूचं जनुक घालून अळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार होणाऱ्या कपाशीचं) विष थोडं थोडं पचवलं, अंगाला सवय झाली आणि ती पिल्लांत उतरली. काहींच्या मते बियाण्यातलं विषच कमी झालं. नेमकं काय झालं? हिरवी बोंडअळी त्याच शेतात अजून बऱ्यापैकी मरते, मग गुलाबीच कशी वाचली? आणि दोन-चार वर्षं बीटी सोडलं तर अळी पुन्हा पहिल्यासारखी होईल का?

अळीपाहणी (अकोला)
भाऊ, 'सवय' हा शब्द आधी काढून टाकू. एकही अळी जन्मल्यानंतर बीटी पचवायला शिकलेली नाही. बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्याच्या अस्तरावर ठरावीक जागी चिकटतं. चिकटलं की अस्तराला छिद्रं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते. लाखो अळ्यांत एखादीच्या जनुकात जन्मतःच असा बिघाड असतो, की ती चिकटायची जागाच नीट तयार होत नाही. बीटी नसलेल्या शेतात या बिघाडाचा काडीचा उपयोग नाही. बीटीच्या शेतात मात्र तीच अळी जगते.

आता हिशेब पाहा. हा गुण सहसा दबलेला असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते. समजा, त्या जनुकाची बिघडलेली प्रत हजारात एक आहे. मग दोन्ही प्रती बिघडलेली अळी दहा लाखांत एक. एकच बिघडलेली प्रत असलेल्या अळ्या मात्र हजारात सुमारे दोन, आणि पूर्ण मात्रा मिळाली तर त्या मरतात. अशा वेळी वाचलेल्या पतंगाला जोडीदार कोण मिळतो, यावर सगळं ठरतं. शेजारी बिगर-बीटी कपाशी असेल तर तिथून साध्या पतंगांचे थवे येतात. त्यांच्याशी जोडी जमली की पिल्लांना एकच बिघडलेली प्रत मिळते आणि ती बीटीवर मरतात. सगळीकडे बीटीच असेल तर वाचलेल्याला वाचलेलाच भेटतो आणि सगळी पिल्लं पक्की निघतात. हंगामात चार-पाच पिढ्या होतात, त्यामुळे दहा लाखांतला एक शेतभर व्हायला फार वर्षं लागत नाहीत.

आपल्याकडे झालंही तसंच. 2002 मध्ये एका जनुकाचं बीटी आलं, 2006 मध्ये दोन जनुकांचं. पहिल्याला न जुमानणारी गुलाबी अळी गुजरातेत सापडल्याचं 2010 मध्ये जाहीर झालं. पुढे दोन जनुकांच्या वाणावरही ती जगू लागली आणि 2017 च्या हंगामात यवतमाळसह विदर्भाला जबर फटका बसला. दुसऱ्या प्रथिनासाठी अळीत बिघाडही वेगळ्याच जनुकात झालेला आहे. म्हणजे निवड दोनदा, दोन वेगळ्या वाटांनी झाली.

तूर_तास
हिरवीचं उत्तर तिच्या खाण्यात आहे. ती तुरीवर जाते, हरभऱ्यावर जाते, टोमॅटोवरही जाते. कपाशीतली तुरीची ओळ आणि रब्बीतला हरभरा हे तिच्यासाठी आपोआप बिगर-बीटी शेत ठरतं. तिथले साधे पतंग दरवर्षी मिसळत राहतात. गुलाबीचं जवळजवळ सगळं आयुष्य कपाशीवरच जातं. तिला साधे पतंग पुरवणारी जागा एकच होती, ती म्हणजे बिगर-बीटीच्या कडेच्या ओळी. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमचं वेगळं पाकीट त्यासाठीच यायचं. कडेला किमान पाच ओळी किंवा क्षेत्राच्या 20 टक्के, जे जास्त असेल ते, असा नियम होता. पाकीट बहुतेकांनी पेरलंच नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात 1996 ते 2005 अशी राखीव कपाशी काटेकोर ठेवली, तिथे तोच किडा बीटीवर टिकला नाही. 2006 पासून त्यांनी वांझ पतंग सोडले आणि 2018 मध्ये गुलाबी अळी अमेरिकेच्या कपाशीतून संपल्याचं जाहीर केलं.

अळीपाहणी (अकोला)
तूरभाऊंच्या मुद्द्याला एक जोड देतो, कारण ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. आपलं बियाणं संकरित आहे आणि बीटी जनुक सहसा एकाच पालकाकडून आलेलं असतं. त्यामुळे झाडात दोन्ही प्रथिनं असली तरी त्याच्या बोंडातली सरकी एकसारखी नसते. स्वपरागीभवन धरलं तर 16 सरक्यांमागे सरासरी 9 मध्ये दोन्ही प्रथिनं, 3 मध्ये फक्त पहिलं, 3 मध्ये फक्त दुसरं आणि 1 पूर्ण कोरी. गुलाबी अळी बोंडात शिरली की एका सरकीतून दुसऱ्या सरकीत पोखरत जाते. कोरी सरकी तिला बोंडाच्या एका कप्प्यातच मिळू शकते. अशी अर्धवट मात्रा मिळाली की एकच बिघडलेली प्रत असलेली अळीही वाचते. मग दबलेला गुण दबलेला राहत नाही आणि निवड कितीतरी वेगानं होते.

'विष कमी झालं' म्हणणाऱ्यांचंही थोडं खरं आहे. झाडाचं वय वाढतं तसं पहिलं प्रथिन उतरतं. नेमकं तेव्हाच गुलाबी अळी जोरात असते.

काळी_कसदार (आर्वी)
आता उलगडलं. मग बीटी सोडण्याचं काय?

अळीपाहणी (अकोला)
बिघडलेल्या जनुकामुळे अळीचं स्वतःचं काही नुकसान होत असेल, तरच बीटी हटल्यावर साध्या अळ्या पुढे सरकतात. त्यातही साध्या अळ्या शिल्लक असायला हव्यात. चीनमध्ये यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित बियाण्याची दुसरी पिढी पेरली. त्या शेतात सुमारे चौथा हिस्सा झाडं बिगर-बीटी आली, आणि वाढत चाललेली प्रतिकारशक्ती माघारी गेली. पण तिथे बिघडलेल्या अळ्या अजून थोड्या होत्या. आपल्याकडे त्याच जास्त झाल्यात. एका गावानं दोन वर्षं बीटी सोडल्यानं ते फिरणार नाही, शेजारच्या गावचे पतंग येतातच. शिवाय बीटी सोडलं तर हिरवी अळी मोकळी सुटेल, हे विसरू नका.

फरदड_नको (पांढरकवडा)
आता हातात आहे ते सांगतो. सुप्त अळी हंगामाच्या शेवटी दोन सरक्या जोडून त्यात झोपते, आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) ढिगातल्या किडक्या बोंडांत, जिनिंगच्या सरकीत उन्हाळा काढते. म्हणून डिसेंबरअखेर वेचणी संपवा, फरदड (वेचणीनंतर तीच कपाशी पाणी देऊन लांबवणं) घेऊ नका. पऱ्हाटी धुऱ्यावर रचू नका, रोटाव्हेटरनं बारीक करून मातीत घाला. पेरणी जूनच्या आधी नको. कपाशीला पात्या (फुलांच्या कळ्या) लागण्याआधी निघालेले पतंग अंडी घालायला जागा न मिळून मरतात, लवकरची कपाशी त्यांना आयती जागा देते.

पेरणीनंतर 45 दिवसांनी हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, त्यातली वासाची गोळी म्हणजे ल्यूर पाकिटावरच्या मुदतीत बदला. एका सापळ्यात सलग 3 रात्री, दर रात्री 8 पतंग आले की फवारणीची पातळी समजा. सापळ्यावर एकट्यावर भिस्त नको. शेतातून फिरून 20 हिरवी, बोटानं दाबली तर दबतील अशी बोंडं फोडा. दोनात जिवंत अळी दिसली तर पातळी ओलांडली. लहान अळी गुलाबी नसते, पांढरी आणि काळ्या डोक्याची असते, म्हणून नजरेतून सुटते. बोंडाच्या आतल्या सालीवर बारीक गाठ दिसली तर तिथूनच ती शिरलेली असते. डोमकळ्या (अळीमुळे न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं) दिसल्या की तोडून जाळा.

औषधालाही वरचाच नियम लागू आहे. एकाच रासायनिक गटाचं औषध सलग फवारलं तर त्यालाही पुरून उरणाऱ्या अळ्या आपणच निवडून ठेवतो. प्रत्येक फवारणीला गट बदला, नुसतं नाव बदलून भागत नाही. दोन वेगळ्या डब्यांवर एकच गट असू शकतो, म्हणून लेबलवरचा घटक वाचूनच घ्या.