उत्तर: आवाज दुसऱ्याचा, म्हणून चरित्र परकं?

वर एकांनी म्हटलंय की हॉलिस फ्रॅम्प्टन या अमेरिकन प्रयोगशील दिग्दर्शकाच्या ‘नॉस्टॅल्जिया’ (1971) या चित्रपटात निवेदन त्याचं स्वतःचं नाही, मग ते आत्मचरित्र कसलं? अहो, मजकूर त्याचाच आहे की ओ! वाचलाय फक्त मित्रानं, मायकेल स्नोनं. खरी गंमत वेगळीच आहे. विजेच्या शेगडीवर त्याचे जुने फोटो एकेक करून जळतात, आधी तारेच्या वेटोळ्याचा काळा डाग उमटतो, मग कागद आक्रसतो. आणि कानावर पडतं ते पुढच्या फोटोचं वर्णन! पाटी कन्नडात वाचत मराठीत गप्पा मारणाऱ्या आम्हा बेळगावकरांनाही डोळा-कानाचा मेळ घालताना घाम फुटला. शहापुरात मित्राकडे पाहिला तेव्हा निम्मी मंडळी चहाला उठली. उरलेल्यांनी मात्र परत पहिल्यापासून लावायला लावला.