‘सिस’चे दहा तुकडे करणाऱ्यांना

मुलुंडकर:
सिस ही झाडावरच्या बुरशीत राहणाऱ्या बारीक भुंगेऱ्यांची प्रजाती, म्हणजे जीनस; तिच्या पोटात अनेक जाती. काल इथे कुणी लिहिलं, ‘सिस म्हणजे कचराकुंडी. दहा प्रजाती करा, फोटोवरून ओळखता येतील.’ इतकं सोपं असतं तर! 350 हून जास्त जाती आहेत. टाइप जाती, म्हणजे जिच्याशी प्रजातीचं नाव बांधलेलं असतं ती, बोलेटी; 1763 मध्ये स्कोपोलीने डर्मेस्टिस या दुसऱ्याच भुंगेऱ्यांच्या प्रजातीत घातलेली. फोडलंत तर सिस हे नाव बोलेटीच्या गोतावळ्याकडे राहणार. बाकीच्या शेकडोंचं बारसं कोण करणार?

आरेवाला:
वाक्य माझंच. ज्याच्यात ठळक काही नाही तो सिस, हीच आजवरची व्याख्या. शेजारच्या प्रजाती आतल्याच जातींच्या सख्ख्या निघतात. आल्नी ही जात सिसमधून काढून ऑर्थोसिस या शेजारच्या प्रजातीत नेली, आभाळ कोसळलं का?

मुलुंडकर:
एक आल्नी गेली म्हणून घर रिकामं होत नाही. आणि दोन मिलिमीटरच्या किड्याच्या पाठीच्या फोटोत काय दिसणार, कपाळ? उलटा करा. बहुतेक जातींत नराच्या पोटाच्या पहिल्या पट्टीवर केसाळ खळगा असतो. शिंगांवर जाऊ नका, खुरटा नर मादीसारखाच दिसतो.

बुरशीवाली:
खळगा नंतर, आधी नमुना टिकू दे! जुलैत लोक गॅनोडर्मा, म्हणजे हे किडे असलेली खोडावरची कडक बुरशी, हवाबंद डब्यात कोंबतात. दोन-चार दिवसांत हिरवी बुरशी, वर माइट्स. डब्याच्या तोंडाला मलमल बांधा, तळाला टिश्यू, ओला झाला की बदला. भुंगेरे 95 टक्के अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी.

आरेवाला:
95 मध्ये किडा काटकीसारखा कडक होतो, हात लावला की पाय तुटतो. 70 वापरा.

बुरशीवाली:
70 मध्ये डीएनए कुजवा मग.

आरेवाला:
अर्धे इकडे, अर्धे तिकडे. झालं?

मुलुंडकर:
नाही झालं! एकाच बुरशीत दोन-तीन जाती सुखाने नांदतात. डीएनए एकीचा, जात ओळखायचं जननांग दुसरीचं, आणि त्यावर तुमच्या दहा प्रजाती. अख्खा किडा प्रोटिनेज-के या प्रथिनं विरघळवणाऱ्या विकरात रात्रभर ठेवा. डीएनए द्रावात उतरतो, कवच शाबूत राहतं. स्नायू विरघळलेले असतात, त्यामुळे 10 टक्के कॉस्टिक पोटॅशची फारशी गरज उरत नाही. मग ग्लिसरीनच्या थेंबात जननांग बघा. दोन्हींवर एकच क्रमांक.

आरेवाला:
बरं, फोटोचं मागे घेतो, पंडितजी. कचराकुंडी मात्र कायम.

बुरशीवाली:
लेबलवर यजमान बुरशी लिहा, ‘झाडावरची अळंबी’ नको. आणि राष्ट्रीय उद्यानातला तुकडा वनखात्याच्या परवानगीशिवाय तोडू नका.

आरेवाला:
तुमची ती गॅनोडर्मा कशावरून ठरवली? फोटोवरून?