मदत हवी आहे: गावच्या वाचनालयासाठी तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्राची सुरुवातीची पुस्तकं

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात 'ड' वर्गाचं वाचनालय आहे, संध्याकाळी मी तिथे बसतो. यंदाच्या अनुदानातून थोडी पुस्तकं घ्यायची आहेत. पोलीस भरती, तलाठीची तयारी करणारी पोरंपोरी सारखी 'मनावरची' पुस्तकं मागतात. कादंबऱ्यांचं मला कळतं, इथे मात्र जाणकारांचा सल्ला पाहिजे.

तालुक्याच्या दुकानात मानसशास्त्र मागितलं की सुप्त मनाची ताकद, एकवीस दिवसांत सवय, असलंच पुढे येतं. तत्त्वज्ञान म्हटलं की प्रवचनांचे संग्रह. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. ग्रामगीता आमच्याकडे घरोघरी आहे आणि असावीच. पण एखाद्या पोरीनं "चूक-बरोबर ठरवायचं कशावरून?" असं विचारलं, तर दोन्ही बाजू मांडून तिला विचार करायला लावेल असं एकही पुस्तक कपाटात नाही.

त्या एकवीस दिवसांचा मी माग काढला. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकी प्लास्टिक सर्जन होते. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० च्या पुस्तकात लिहिलं. पुढे लोकांच्या तोंडी त्यातलं 'किमान' गळालं आणि त्याचा नियम झाला. नंतर लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले, आणि फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. हे मला फार लागतं. भरतीत एकदा मागे पडलेलं पोरगं बाविसाव्या दिवशी पहाटे उठलं नाही, की स्वतःलाच कमजोर समजायला लागतं.

म्हणून पुस्तक हातात घेतलं की मी पाहतो: प्रयोग कुणी केला, किती लोकांवर केला, हे लेखक सांगतो का? आजार बरा करायची हमी देणारं पुस्तक तर सरळ परत ठेवतो. एवढं पुरेसं आहे का? तत्त्वज्ञानात प्रयोग नसतात, तिथे काय पाहायचं? आणि नैराश्यावरची पुस्तकं ठेवावी का? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवर लावलाय, पण पोरं पुस्तकावरच थांबतील याची धास्ती वाटते.

प्रतिसाद १
दादा, आधी बालभारतीची अकरावी-बारावीची मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञानाची पाठ्यपुस्तकं आणा. मराठीत आहेत, स्वस्त आहेत, ई-बालभारतीवर फुकट उतरवताही येतात. शिकवताना मला यांच्याइतकी भरवशाची सुरुवात दुसरी मिळाली नाही. पुढची पायरी म्हणून अच्युत गोडबोल्यांचं 'मनात' घ्या. जाडजूड आहे, पण मानसशास्त्र कसकसं घडत गेलं ते गोष्टीसारखं वाचता येतं. अडलेल्या शब्दासाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन आहेच.

तत्त्वज्ञानात पूर्वपक्ष पाहा. ज्या मताला खोडायचं तेच लेखक नीट, ताकदीनं मांडतो का? मांडत नसेल तर तो वाचकाला फक्त आपल्या बाजूला ओढतोय. नागपुरातून १९९० साली दि. य. देशपांड्यांनी सुरू केलेल्या 'आजचा सुधारक' या वैचारिक मासिकाचे जुने अंक मिळाले तर पोरांना आवर्जून द्या, आपल्याच भागात असे वाद लिहून झालेत. वाडेकरांचा तत्त्वज्ञान महाकोश मात्र आत्ताच घेऊ नका, तो संदर्भासाठी आहे.

नैराश्यावरची पुस्तकं जरूर ठेवा. मानसोपचारतज्ज्ञानं लिहिलेली आणि 'डॉक्टरकडे कधी जायचं' हे साफ सांगणारीच निवडा. नंबर प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर चिकटवा. भिंतीवरचा नंबर चारचौघांत कुणी उतरवून घेत नाही.

धागाकर्ता
ताई, नंबरचं हे डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच चिठ्ठ्या छापून आणतो. पाठ्यपुस्तकांच्या दोन-दोन प्रती घेतो. नीतीच्या प्रश्नांवर, बारावी झालेल्या पोरीला एकटीनं वाचता येईल असं मराठी पुस्तक अजून कुणाला माहीत असेल तर सांगा. यादी महिनाअखेरीस द्यायची आहे.